घसादुखी साधी की स्ट्रेपची? लक्षणे कशी ओळखावीत आणि नंतर कशावर लक्ष ठेवावे?

रानजाई

नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. गेल्या सोमवारी शाळेतून आली तेव्हा ती अगदी चांगली होती. संध्याकाळी डोके दुखते म्हणून आडवी झाली आणि रात्री नऊच्या सुमारास अंगात १०२.५ ताप होता. पोटात दुखते असे ती सारखी म्हणत होती आणि तिला दोनदा उलटीही झाली, त्यामुळे बाहेरचे काही खाण्यात आले असावे असे धरून आम्ही रात्रभर मीठ-साखरेचे पाणी देत राहिलो. सकाळी पाणी पिताना तिने मान आखडून, डोळे मिटून एकेक घोट गिळला, तेव्हा कुठे आमचे लक्ष घशाकडे गेले. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर दोन्ही टॉन्सिल सुजून लालभडक झाले होते आणि त्यांवर दह्याच्या कवडीसारखे पांढरट ठिपके होते. सर्दी, शिंका, खोकला यांपैकी काहीही नव्हते.

डॉक्टरांनी घसा आणि मान तपासून ही स्ट्रेपची घसादुखी दिसते असे सांगितले आणि अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारे औषध) दहा दिवसांसाठी लिहून दिले. तिसऱ्या दिवशी ताप पूर्ण उतरला, आज चौथ्या दिवशी ती अंगणात खेळते आहे. आता औषध बंद करावे, उगाच पोटात कशाला घालायचे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यातच कालपासून धाकट्या चार वर्षांच्या मुलाचे नाक वाहू लागले आहे, त्याला खोकला आहे आणि त्याचा आवाज बसला आहे. त्याला याच बाटलीतले औषध चालेल का, हा दुसरा प्रश्न.

मी इतकी धास्तावले आहे त्याचे कारण घरातच आहे. माझ्या मोठ्या नणंदेच्या हृदयाची झडप लहानपणच्या अशाच कुठल्याशा तापाने खराब झाली आहे. त्या चौतीस वर्षांच्या आहेत आणि सध्या आमच्याकडेच राहतात. घसादुखी आणि हृदय यांचा संबंध नेमका काय, साधी घसादुखी आणि ही घसादुखी यांत फरक कसा ओळखायचा, आणि बरे वाटल्यानंतरही कोणत्या लक्षणांवर नजर ठेवायची, हे कुणी नीट समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

आडवाट

रानजाईताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न पाहता निदान करणे योग्य नाही, पण तुम्ही जे वर्णन केले आहे ते इतके नेमके आहे की तुमच्या डॉक्टरांनी तसा निष्कर्ष का काढला असेल ते सहज समजते.

स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली हे गोल जिवाणू माळेत ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात, म्हणून मराठीत त्यांना मालागोलाणू म्हणतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. रिबेका लान्सफील्ड या अमेरिकी संशोधिकेने १९३३ मध्ये त्यांची ए, बी, सी अशी गटवारी केली, ती आजही वापरात आहे. घशाच्या या दुखण्याला कारण होतो तो ए गट. बी गटाचा त्रास मुख्यतः नवजात बाळांना होतो. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, कण्हत श्वास घेऊ लागले तर त्याचाही विचार करावा लागतो, पण तो विषय वेगळा आहे.

ए गटाची घसादुखी प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये आढळते. संसर्ग झाल्यावर दोन ते पाच दिवसांत ती सुरू होते आणि तिची सुरुवात अचानक होते. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-पडशात आधी नाक गळते, मग घसा खवखवतो, मग कणकण येते. स्ट्रेपमध्ये सकाळी शाळेत गेलेले मूल संध्याकाळी तापाने फणफणलेले असते. लहान मुलांमध्ये डोकेदुखी, पोटदुखी आणि उलटी ही लक्षणे घशाच्या आधी डोके वर काढतात. तुमची जशी गल्लत झाली तशी कितीतरी घरांत होते, त्यात तुमची काहीही चूक नाही. ताप आणि पोटदुखी असलेल्या मुलाचा घसा पाहिल्याशिवाय मी त्याला कधीच परत पाठवत नाही.

घसा पाहताना आम्ही चार-पाच गोष्टी शोधतो. टॉन्सिल सुजलेले आणि त्यांवर पांढरट-पिवळसर पू. पडजीभ लाल व फुगलेली. टाळूच्या मागच्या मऊ भागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. हे सगळ्यांना असतातच असे नाही, पण दिसले तर संशय पुष्कळच बळावतो. जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या पुढच्या बाजूला आलेले अवधाण, जे बोटाने दाबल्यावर दुखते. आणि यांच्या जोडीला एका गोष्टीचे नसणे तितकेच महत्त्वाचे आहे, ती म्हणजे खोकला. खोकला, वाहणारे नाक, बसलेला आवाज, लाल झालेले डोळे यांपैकी काही असेल तर बहुतेक वेळा कारण विषाणू असतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग होत नाही.

आता तुमच्या धाकट्या मुलाची लक्षणे पुन्हा वाचा: वाहते नाक, खोकला, बसलेला आवाज. हे चित्र स्ट्रेपचे नाही. त्याच्या बहिणीचे औषध त्याला देऊ नका. एक तर त्याला त्याची गरज नसावी, आणि दुसरे म्हणजे त्या बाटलीतले औषध कमी पडून मुलीचे दहा दिवस अपुरे राहतील. त्याला जोराचा ताप आला किंवा गिळणे दुखू लागले तर मात्र तपासून घ्या, कारण एकाच घरात एकापाठोपाठ एक मूल आजारी पडणे स्ट्रेपमध्ये नेहमीचे आहे.

हे सगळे खरे असले तरी केवळ पाहून खात्री देता येत नाही. विषाणूंमुळेही टॉन्सिलवर पांढरे डाग येतात. मुलांच्या दर दहा घसादुख्यांपैकी साधारण दोन-तीनच स्ट्रेपच्या निघतात. खात्रीसाठी घशातील स्रावाचा बोळा घेऊन जिवाणू वाढवून पाहतात, त्याचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात. ‘एएसओ’ नावाच्या रक्ततपासणीबद्दल मला आवर्जून लिहायचे आहे, कारण घसा दुखतो म्हणून ती करून आणणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. ही तपासणी पूर्वी कधीतरी स्ट्रेपचा संसर्ग होऊन गेला एवढेच सांगते. आज दुखणारा घसा कशामुळे दुखतो आहे हे तिच्यातून कळत नाही. नुसता आकडा वाढलेला आहे म्हणून निरोगी मुलाला महिनोन्‌महिने इंजेक्शने दिलेली मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

दहा दिवसांविषयी. स्ट्रेपची घसादुखी औषध न घेताही बहुधा आठवडाभरात थांबते. मग औषध कशासाठी? ते घशात दडून राहिलेले जिवाणू संपवण्यासाठी आणि त्यायोगे रुमॅटिक ताप टाळण्यासाठी. या जिवाणूंविरुद्ध शरीर जी अस्त्रे तयार करते ती काही मुलांमध्ये स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरीही हा धोका टाळता येतो, पण सुरू केलेले औषध पूर्ण व्हायला हवे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या लेकीच्या झडपेचे जे झाले ते नातीच्या बाबतीत होऊ नये म्हणून तुम्ही हे दहा दिवस मोजत आहात हेही सांगा. मला वाटते त्या समजून घेतील.

औषध सुरू होऊन एक दिवस उलटला आणि ताप नसला की मूल सहसा इतरांना संसर्ग देत नाही. तोवर पाण्याची बाटली, पेला आणि चमचा वेगळा ठेवावा.

सोनचाफा

मी डॉक्टर नाही. रानजाईताईंच्या नणंदेसारखीच मी आहे, म्हणून लिहिते.

मी अकरा वर्षांची असताना आमच्या गावात माझा घसा खूप दुखला होता. हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, एका दवाखान्यातून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या आणि चौथ्या दिवशी मी शाळेत गेले. ते दुखणे घरात सगळे विसरून गेले. तीनेक आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला. पडले असेन असे वाटून आईने लेप लावला. गुडघा इतका दुखत होता की त्यावर चादरीचे वजनही सहन होत नव्हते, आणि दोन दिवसांनी तो आपोआप मोकळा झाला, पण डावा घोटा धरला. मग मनगट. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत होते. ते फिरते आहे यालाच महत्त्व आहे हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. ताप बारीक होता. जिना चढताना धाप लागायची, पण आजारपणाने अशक्तपणा आला आहे असेच सगळे म्हणत राहिले. वाढीच्या वयातले हातपाय दुखणे म्हणून आम्हाला परत पाठवण्यात आले.

झडपेचे निदान झाले ते पंचवीसाव्या वर्षी, मी गरोदर असताना. सहाव्या महिन्यात मला रात्री उताणे झोपता येईना, उशांवर उशा रचून बसून रात्र काढावी लागे. तेव्हा इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी झाली आणि हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसली असल्याचे कळले. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात सुखरूप पार पडले, पुढे दोन वर्षांनी फुग्याने झडप रुंद केली. आज मी चालते-फिरते, नोकरी करते. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेते. ते औषध दाट, दुधासारखे पांढरे असते, सुई जाड असते आणि कमरेत दोन दिवस ठणका राहतो. ते टाळावेसे वाटते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण झडप आधीच दुखावलेल्या माणसाला पुन्हा स्ट्रेप झाला तर रुमॅटिक ताप उलटू शकतो आणि दर वेळी झडप आणखी बिघडते, हे माझ्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावले त्यानंतर मी एकही तारीख चुकवलेली नाही.

माझ्याबरोबर त्याच रुग्णालयात एक बारा वर्षांची मुलगी होती. तिला सांधेदुखी झालीच नव्हती. तिचे अक्षर बिघडले होते, हातातून भांडी पडत होती, चेहरा आणि हात आपोआप वेडेवाकडे हलत होते, आणि शाळेत ती मुद्दाम करते म्हणून तिला शिक्षा होत होती. हेही त्याच तापाचे लक्षण असते आणि ते घसादुखीनंतर कित्येक महिन्यांनीही उमटू शकते. शिक्षक हे वाचत असतील तर कृपया लक्षात ठेवा.

पारिजात

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. २०२२ च्या डिसेंबरात इथे स्ट्रेपने फार मोठी धास्ती निर्माण केली होती. लोहितांग ज्वराची, म्हणजे इथे ज्याला स्कार्लेट फीवर म्हणतात त्याची लागण नेहमीपेक्षा खूप वाढली, काही मुलांमध्ये जिवाणू रक्तात आणि फुप्फुसांत शिरून मृत्यूही झाले. औषधांच्या दुकानांत पेनिसिलिनचे पातळ औषध मिळेना. शाळेकडून लक्षणांची माहिती देणारे पत्र आले होते, त्यामुळे माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या वेळी मला वेळेवर कळले.

त्याची सुरुवात रानजाईताईंच्या मुलीसारखीच झाली: ताप, घसा, उलटी. दुसऱ्या दिवशी छातीवर आणि पोटावर पुरळ आले. एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. पत्रकांत सगळीकडे लालबुंद पुरळाची छायाचित्रे असतात, ती गोऱ्या कातडीची असतात. माझ्या मुलाच्या सावळ्या अंगावर लाली जवळजवळ दिसतच नव्हती. आंघोळीनंतर पाठ पुसताना हाताला ते जाणवले. कातडी पॉलिश पेपरसारखी रवाळ लागत होती. काखेत आणि कोपराच्या घडीत बारीक गडद रेघा होत्या, गाल तापलेले आणि ओठांभोवतीचा भाग मात्र फिका होता. जिभेवर आधी पांढरा थर होता, तो गेल्यावर ती दाणेदार, स्ट्रॉबेरीसारखी लाल झाली. म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा तळहातावर जास्त भरवसा ठेवावा असे मला वाटते.

दहा दिवसांचे पेनिसिलिन झाले. औषध सुरू केल्यापासून चोवीस तास शाळेत पाठवायचे नाही असा इथला नियम आहे. सगळे संपल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, त्याच्या बोटांच्या टोकांची साल निघू लागली. ते पाहून मी घाबरले होते, पण तो त्या आजाराचा नेहमीचा शेवटचा टप्पा आहे असे कळले.

पागोळी

मी कोकणात आरोग्यसेविका आहे. घशाबद्दल वर सविस्तर आले आहे, मी फक्त कातडीबद्दल लिहिते, कारण पावसाळ्यात आमच्याकडे जास्त तेच असते.

डास चावतो, मूल खाजवते, ओल्या कपड्यात बसते आणि नाकाजवळ किंवा पायावर फोड येतो. तो फुटला की त्यावर मधासारखी पिवळी खपली धरते. खपलीखाली ओल असते, नखाने ती दुसरीकडे पसरते. हे फोड स्ट्रेपचे असतात किंवा पुंजगोलाणूंचे (स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूंचे) असतात, नुसते पाहून वेगळे करता येत नाहीत. पालक ते अंगावर काढतात. पण दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तेच मूल सकाळी उठते तेव्हा डोळ्यांभोवती सूज असते, लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. ही मूत्रपिंडाची सूज असते. रक्तदाबही वाढतो. घशाच्या स्ट्रेपनंतरही ती येते, मात्र लवकर, दहा-एक दिवसांत. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, परंतु त्या काळात रक्तदाबावर आणि लघवीवर दवाखान्यात देखरेख लागते. फोड असलेल्या मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा, नखे कापा आणि लघवीचा रंग विचारत जा.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांच्या यादीत रुमॅटिक हृदयविकारही आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आडवाट

पागोळीताईंनी मूत्रपिंडाचा मुद्दा आणला हे फार चांगले झाले. त्याला एक जोड देतो: प्रतिजैविक वेळेवर घेतल्याने रुमॅटिक ताप टळतो, पण मूत्रपिंडाची ही सूज टळेलच अशी हमी देता येत नाही. म्हणून औषध पूर्ण झाले तरी रानजाईताईंनी पुढचे काही आठवडे लघवीचा रंग आणि चेहऱ्यावरची सूज यांकडे लक्ष ठेवावे.

कोणत्या लक्षणांना सकाळची वाट पाहू नये तेही लिहितो. तोंड उघडता न येणे, लाळ गिळता न आल्याने ती गळणे, तोंडात गरम घास धरल्यासारखा घोगरा आवाज आणि एकाच बाजूला जास्त दुखणे, ही टॉन्सिलमागे गळू झाल्याची चिन्हे आहेत. घशात करड्या रंगाचा पापुद्रा दिसला, तो टॉन्सिलच्या बाहेर पसरला असला आणि मान सुजली असली तर घटसर्पाचा विचार तातडीने करायला हवा, विशेषतः लसी अपुऱ्या असतील तर. मोठ्या माणसांच्या पायावर लाल, गरम, कडा स्पष्ट असलेला चट्टा भराभर पसरतो, थंडी वाजून ताप येतो, त्याला आपल्याकडे धावरे म्हणतात. तेही बहुधा स्ट्रेपचेच काम असते आणि त्यावर उपचार चांगले होतात. परंतु वरून जखम किरकोळ दिसते आणि दुखणे मात्र तिच्या मानाने असह्य आहे, कातडी जांभळट होते आहे, फोड धरत आहेत, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो आहे, असे असेल तर जिवाणू स्नायूंच्या आवरणात शिरले असण्याची शक्यता असते. तिथे तासातासाला महत्त्व असते आणि शस्त्रक्रिया लागते. असे रुग्ण थोडे असतात, पण त्यांना उशिरा आणले जाते.

एका वाचकाने मला व्यक्तिगत निरोपात विचारले की बाळाला न्यूमोकोकलची लस दिली आहे, मग स्ट्रेप कसा होईल. ती लस याच कुळातल्या पण वेगळ्या जिवाणूविरुद्ध आहे, न्यूमोनिया आणि मेंदूज्वर टाळण्यासाठी ती जरूर द्यावी. घशाच्या ए गटाच्या स्ट्रेपवर अजून लस उपलब्ध नाही.

रानजाईताई, आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. तुमच्या नणंदबाई सोनचाफाताईंप्रमाणे एकवीस दिवसांचे इंजेक्शन घेतात का? घरात स्ट्रेपचा रुग्ण असताना सर्वांत जास्त जपायला हवे ते त्यांना. मुलीपेक्षाही मला त्यांची काळजी वाटते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी हे सगळे सासूबाईंना वाचून दाखवले. सोनचाफाताईंचे लिहिलेले ऐकताना त्या मध्येच उठून आत गेल्या. नंतर त्यांनीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलीच्या औषधाचा दहावा दिवस पेनने गोल केला. धाकट्याची सर्दी उतरते आहे, त्याला औषध दिले नाही.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला संकोच वाटतो, पण देते. नणंदबाईंनी इंजेक्शन दोन वर्षांपूर्वी स्वतःहून बंद केले होते. त्रास काही होत नाही आणि ठणका सोसवत नाही म्हणून, आणि आम्ही कुणी कधी विचारले नाही. आज सकाळी मी आणि त्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. इको झाली. झडप पूर्वीइतकीच आहे, पण इंजेक्शन इतक्यात बंद करायचे नव्हते, निदान चाळिशीपर्यंत घ्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. परवा आपला घसा खवखवत होता हे नणंदबाईंनी तिथे पहिल्यांदाच बोलून दाखवले, म्हणून घशाचा बोळाही घेतला. आधी चाचणीचा थेंब टोचून पाहिला, मग इंजेक्शन दिले आणि अर्धा तास तिथेच बसवून ठेवले. आता त्या कुशीवर झोपल्या आहेत आणि माझी मुलगी त्यांच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी धरून बसली आहे. पुढची तारीख त्याच दिनदर्शिकेवर लिहिली आहे.